रस्ता हवा, रस्ता नको आणि माझी खोली

मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये वेगळा, रुंद, कुठेही न अडता जाता येईल असा रस्ता बांधावा की बांधू नये, या प्रश्नावर माझी दोन ठाम मतं होती. दोन्ही मी एकाच पावसाळ्यात जाहीरपणे मांडली. नको म्हणालो त्याबद्दल मला बायको मिळाली आणि हवा म्हणालो त्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. बायकोबद्दल इथे अधिक लिहिणं मला परवडणारं नाही, कारण माझं लिहिलेलं सगळं पहिल्यांदा तीच वाचते आणि पेन्सिल हातात घेऊन वाचते.

तो रस्ता पुढे बऱ्याच वर्षांनी झाला. तुम्ही त्यावरून गेला असाल, मध्ये थांबून वडाही खाल्ला असेल. ऐंशीच्या दशकात मात्र तो फक्त बोलण्यात होता. आणि बोलण्यात तो इतका होता की, शब्दांऐवजी डांबर वापरलं असतं तर तेव्हाच पूर्ण झाला असता. वाशीच्या बसस्टॉपवर रांगेतल्या माणसांत दोन तट पडत. एक म्हणे, "दोन तासांत पुणे! सकाळी जाऊन संध्याकाळी परत." दुसरा म्हणे, "पण तुझं पुण्यात काम काय आहे?" पहिल्याचं काहीच काम नसे. तरीही तो चिडे, कारण कामाचा प्रश्न नव्हताच, तत्त्वाचा होता. मी दोन्ही तटांच्या मध्ये उभा राहून, ज्याचा आवाज जास्त चांगला त्याच्या बाजूने मान डोलवत असे. मला वादातलं काही कळत नव्हतं. मला वाद आवडत होता.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात कारकून होतो. वाशीत सेक्टरमध्ये फ्लॅट घेण्याइतकी माझी ऐपत नव्हती, म्हणून घणसोली गावात एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. घरमालक मूळचे भातशेतीवाले. त्यांची शेतं नव्या शहरासाठी गेली होती आणि आलेल्या पैशातून त्यांनी आपल्या जुन्या घराच्या पुढे, अगदी गल्लीला चिकटून, एक खोली काढली होती. ती माझी. मी त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकी. काका मला सायेब म्हणायचे. मी साहेब नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण भाडेकरूला काहीतरी म्हणायला हवं.

माझी खोली गल्लीत पुढे आली होती हे महत्त्वाचं आहे. इतकी पुढे, की गल्ली तिथे अंग चोरून जाई. सायकल जाई, म्हैस जाई, पण पाण्याचा टँकर जात नसे. तो तिठ्यावर थांबे आणि आमच्या बाजूच्या बायका हंडे-कळश्या घेऊन तिकडे पळत. काकांनी खोली पाडून गल्ली मोकळी करावी म्हणून गावकीची बैठक देवळात भरे, काका जात, शांतपणे ऐकून घेत, चहा पीत आणि "बघू" म्हणून परत येत. असं कितीतरी वेळा झालं होतं. मुंबई-पुणे रस्त्याचं सरकारदरबारी जे चाललं होतं, तेच आमच्या गल्लीचं देवळात चाललं होतं. फक्त देवळातला चहा चांगला असे.

मी अर्थात काकांच्या बाजूचा होतो. खोली गेली तर मी कुठे जाणार?

श्रावणात मला एक स्थळ सांगून आलं. मुलगी पुण्याची. मी ठेवणीतला शर्ट घालून एस.टी.ने निघालो. घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे दुपारच्या पोह्यांना संध्याकाळी पोचलो. मुलीचे वडील दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि आत या म्हणण्याआधी विचारलं, "घाट?"

"घाट," मी म्हणालो.

"आता तुम्ही म्हणाल, नवा रस्ता हवा."

माझ्या तोंडात "अर्थात" हा शब्द तयार होता. पण मी वादातला जुना खेळाडू. समोरच्याचा चेहरा वाचल्याशिवाय मी मत देत नाही. त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की, या माणसाने या प्रश्नावर वर्तमानपत्रात पत्रं पाठवली आहेत आणि ती छापून आलेली नाहीत.

"छे, छे!" मी म्हणालो. "रस्ता नकोच."

त्यांचा चेहरा उजळला. "का नको?"

आता का नको हे मला कुठे माहीत होतं? पण समोर पोह्यांची बशी आली होती आणि ती घेऊन आलेली मुलगी दाराला टेकून उभी राहिली होती. प्रेक्षक आला की मला सुचतं. मी म्हणालो की, अंतर ही संस्कृतीची तटबंदी आहे. घाट हा नुसता घाट नाही, तो उंबरठा आहे, आणि उंबरठ्यावर पाय अडखळला तरच माणूस खाली बघून चपला काढतो. हे मी काय बोललो ते मला आजही कळलेलं नाही.

सासरे, म्हणजे तेव्हाचे होऊ घातलेले, खूश होऊन म्हणाले, "अगदी माझं मत! माझी सख्खी बहीण दादरला आहे. आमचं इतकं छान पटतं ते त्या घाटामुळे. उद्या रस्ता झाला की ती दर रविवारी इथे."

मुलीने मला एकच प्रश्न विचारला, "राहायला स्वतंत्र खोली आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "स्वतंत्र, हवेशीर, अगदी रस्त्यावर."

होकार आठवड्यात आला. अट एकच. दसऱ्याला सुट्टी असल्याने मंडळी येऊन खोली पाहतील, आणि खोली ठीक असली तर लग्न मार्गशीर्षात. सासऱ्यांनी हे दोनदा सांगितलं. त्यांच्या पुतणीला लग्नानंतर दोन कुटुंबांत एक पडदा टाकून राहावं लागलं होतं, आणि तसं आपल्या मुलीचं होऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. खोली नाही तर लग्न नाही.

इथपर्यंत मी शहाण्या माणसासारखा वागलो. मग गणपती आले.

वाशीला एका सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी वादविवाद स्पर्धा असे. विषयाचा बोर्ड लागला: मुंबई-पुणे नवा रस्ता हवा की नको. माझं नाव द्यायला माझा हात आपोआप पुढे झाला. आमच्या स्पर्धेची पद्धत अशी होती की, कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते बोलण्याच्या थोडं आधी नाणं उडवून ठरे. म्हणून मी दोन्ही बाजूंची भाषणं पाठ केली. खोलीत आरशासमोर एक हात छातीवर ठेवून "रस्ता नको" आणि तोच हात आकाशात फेकून "रस्ता हवा". काकी खिडकीतून विचारायची, "सायेब, कोनाशी भांडताव?"

"तयारी चाललीय, काकी."

"लगीन व्हायच्या आदीच?"

टाळ्यांसाठी आपली माणसं हवीत म्हणून मी काकांना आग्रहाने स्पर्धेला घेऊन गेलो. हा निर्णय सर्वस्वी माझा होता. त्यांच्या घरच्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं, त्यामुळे ते मोकळे होते. स्वच्छ धोतर-टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. मंडपात शिरताना त्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मी त्या वेळात माझा भांग नीट केला.

नाणं उडालं. मला "हवा" आलं.

माझ्याविरुद्ध एक बँकेतले गृहस्थ होते. त्यांनी हातात कागद धरून खर्च, झाडं, जमिनी असं सगळं मुद्देसूद मांडलं. लोक जांभया देऊ लागले. मग मी उठलो. मी माईक बाजूला सारला, कारण माईक माझ्या हातवाऱ्यांच्या आड येतो. आणि मी घाटात अडकलेल्या एका बाळंतिणीची गोष्ट सुरू केली. पुढे ट्रक आडवा, मागे गाड्यांची रांग, मध्ये ती कळा देणारी बाई, आणि तिचा नवरा हात जोडून एकेका गाडीला विनवतोय. ही बाई मी बसमध्ये घरी येताना तयार केली होती. पण मंडपातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला आणि मी स्वतःही जरा हललो. मग आवाज चढवून शेवट केला:

"मित्रहो, उद्या त्या रस्त्याच्या आड माझं स्वतःचं घर आलं, तर मी सरकारच्या माणसाला सांगेन, थांब! हात लावू नकोस! या भिंतीवर पहिला घाव माझा पडेल!"

टाळ्या थांबेनात. मला स्वतःचं घर नव्हतं ही बारीकशी अडचण कुणाच्या लक्षात आली नाही. पहिलं बक्षीस ते घड्याळ. परतताना बसमध्ये मी काकांना विचारलं, "कसं झालं?" ते खिडकीबाहेर बघत होते. "बरा झाला," एवढंच म्हणाले. मला वाटलं, माणूस साधा आहे, वक्तृत्वाची पारख नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा काका दारात आले. रात्रभर झोपले नसावेत असे डोळे.

"सायेब, ठरला. खोली पाडायची."

"कुठली खोली?"

"हीच. तुमची. दसऱ्याला नारल फोडू. देवलात सांगून आलो मी, सगली खूश हायत."

मी तोंडातला फेस गिळला. "पण काका, इतकी वर्षं तुम्ही नाही म्हणत होता!"

"व्हतो म्हनत. काल तुमी बोललाव ना." ते उंबरठ्यावर बसले. "ती बाई घाटातली. आमची धाकटी सून अशीच व्हती, सायेब. आंबुलन्स तिठ्यावर उभी. गल्लीत शिरंना. खाटेवर घालून नेली आमी तिला, चौघांनी, पावसान. वाचली ती, पन मी तवा पन हटलो नाय. भाड्याचा पैसा दिसत व्हता माना. काल तुमी बोललाव आनि माना वाटला, ह्यो मानूस माझ्याच दारात उभा राहून बोलतोय."

मी आयुष्यात शेकडो वेळा बोललो आहे. कॉलेजात, कारखान्यात, लग्नाच्या पंगतीत. माझ्या बोलण्याने कधी कुणाचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी मी बोलतही नव्हतो. माझ्या उभ्या आयुष्यात माझं म्हणणं मनापासून पटलेला माणूस एकच निघाला, आणि तो माझा घरमालक असावा!

"काका," मी म्हणालो, "ती स्पर्धा होती. नाणं उलटं पडलं असतं तर मी उलट बोललो असतो."

"म्हंजी?"

मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. छापा पडला तर हवा, काटा पडला तर नको. त्यांनी नीट ऐकलं. मग त्यांनी मला असं विचारलं, जसं एखाद्या पोराला विचारावं की बाबा, तुला बरं वाटतंय ना: "गनपतीसमोर?"

"हो, म्हणजे, मंडपात..."

"गनपतीसमोर बोललाव ना तुमी? आमच्यात देवासमोर जो बोलला तो बोलला. नानं कुटंबी पडू दे."

हे मला सुचायला हवं होतं. गावात भाऊबंदकीतला तंटासुद्धा असाच मिटे. दोघांना गणपतीसमोर उभं करायचं, जे काय असेल ते एकदा बोलून घ्यायचं, आणि मग त्यातला शब्द फिरवायचा नाही. आम्ही शहराकडची माणसं मात्र तोच गणपती मधोमध बसवून त्याच्यापुढे नाणं उडवून मत ठरवत होतो आणि उत्तम खोटं बोलणाऱ्याला त्याच्याच हातून घड्याळ देत होतो.

मी हरणार नव्हतो. दुसरं भाषण तयारच होतं. त्या संध्याकाळी काका-काकीला ओटीवर बसवून मी "रस्ता नको" पूर्ण म्हणून दाखवलं. अंतर, तटबंदी, उंबरठा, चपला, काहीही सोडलं नाही. शेवटी हात छातीवर. काकीने टाळ्या वाजवल्या.

"बेस झाला," काका म्हणाले. "कालच्यापेक्षा बेस."

"मग? पटलं?"

"पटला की. पन आता देवलात सांगितलाय." मग त्यांनी मनापासून विचारलं, "सायेब, ह्यातला तुमचा कनचा?"

मी तांब्या उचलून पाणी प्यायला लागलो. काकी उठताना म्हणाली, "त्याना काय विचारताव? त्यांचा दोनी असंल. हौशी मानूस हाय."

मग मी दुसरी खोली शोधायला लागलो. गावात जागा नव्हती, आणि सेक्टरमध्ये जागा होती पण तिचं भाडं माझ्या पगाराकडे बघून हसत होतं. करावे गावात एक मिळत होती, पण तिच्या बाहेर सुकी मासळी वाळत असे, आणि माझी होणारी सासुरवाडी शुद्ध शाकाहारी होती. करंजाड्याला एक मिळाली, तिथून कारखान्यात पोचायला इतकी लांब फेरी होती की तिथे राहायचं तर आधी नवा रस्ताच बांधून घ्यायला हवा होता. शेवटी मी सासऱ्यांना कळवलं की दसऱ्याला येऊ नका, दिवाळीत या. दादरच्या बहिणीकरवी उलटा निरोप आला: "दसराच बरा. मुहूर्ताचा दिवस आहे." काकांना सांगितलं, दसऱ्याला पाडू नका. ते म्हणाले, "दसराच बरा. मुहूर्ताचा दिवस हाय."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी गल्लीत मंडप नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं. गावकीची माणसं, हळद-कुंकू, आंब्याची पानं, पहार, घमेली. आदल्या दिवशी गल्लीची रुंदी धरून चुन्याची रेघ मारली होती. ती माझ्या दारातून आत शिरून, सतरंजीवरून, बरोबर मधोमध खोली कापून मागच्या कोपऱ्यात गेली होती. मी खाट त्या रेघेवर ठेवली होती, म्हणजे पाहुण्यांना रेघ दिसू नये. डोक्याकडची बाजू रस्त्यात होती आणि पायाकडची घरात.

आणि गल्लीच्या तोंडाशी सासरे दिसले. छत्री, पिशवी, मागे सासूबाई, मागे ती.

"हे काय चाललंय?" सासऱ्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काकांनी पुढे होऊन त्यांच्या हातात हात दिला. "या, या! तुमीच पुन्याचे ना? बरा झाला आजच आलाव. तुमच्या जावयानी आमचा डोला उघडला बघा!"

"म्हणजे?"

आणि मग काकांनी माझं भाषण म्हणून दाखवलं. संपूर्ण. बाळंतीण, ट्रक, हात जोडलेला नवरा. मला कळलं की रात्र-रात्र ते तेच घोकत होते. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं, कारण त्यांना ते खरं वाटत होतं. "या भितीवर पयला घाव माझा! मुंबई-पुन्याचा रस्ता झालाच पायजे, असा बोललं, गनपतीसमोर! पयला नंबर आला!"

गावकीने टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी छत्री मिटली. ती उघडलेलीच नव्हती, पण त्यांनी ती मिटल्यासारखं केलं.

"झालाच पाहिजे?" ते म्हणाले.

"नाणं," मी म्हणालो.

"श्रावणात तुम्ही माझ्या घरात बसून म्हणाला होतात, नकोच. उंबरठा वगैरे."

"हो. तेही."

"मग तुमचं नक्की मत काय?"

काका माझ्याकडे बघत होते, कारण हा त्यांचाही प्रश्न होता. मी घसा साफ केला. मी उजवा हात थोडा वर नेला. तो कुठे न्यायचा, छातीवर की आकाशात, ते ठरेना, म्हणून तो तिथेच हवेत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की ऐकणारी माणसं होती आणि शब्द नव्हते.

तेव्हा ती मागून म्हणाली, "बाबा, त्यांना मत नाहीये. त्यांना आवाज आहे. ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

"आणि तरी तू होकार दिलास?"

"आवाज वाईट नाहीये," ती म्हणाली, आणि सरळ माझ्या खोलीत शिरली.

आम्ही सगळे दारात गोळा झालो. तिने खाटेखाली वाकून पाहिलं, खाट एका हाताने बाजूला ओढली आणि रेघ पाहिली. अर्धी खोली राहणार होती. तिने मागच्या भिंतीला हाताने दोनदा थापटलं.

"काका, याच्या मागे काय आहे?"

"गोठा," काका म्हणाले.

"गुरं आहेत?"

"बैल व्हते."

"व्हते," काकी म्हणाली. "शेतां गेली तवाच इकलं. आता तितं मासलीचं जालं हाय फाटकं, नि हे जाऊन बसतात सांजचे."

गोठ्यात बसून काका काय करत हे मला माहीत होतं, कारण मध्ये पातळ भिंत होती. ते काहीच करत नसत. बिडी ओढत आणि गव्हाणीच्या कडेवर हात फिरवत. त्या माणसाने नव्या शहरासाठी शेतं दिली होती, आज गल्लीसाठी खोली देत होता, आणि आता पुण्याहून आलेली एक अनोळखी मुलगी त्याचा गोठा मागत होती. ती मागतेय हे तिच्याही लक्षात आलं असावं. ती भाषण करत नव्हती. ती काकीजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही दुसरीकडे बघू. मला राग येणार नाही."

"आमी म्हंजी कोन?" काकीने विचारलं. "तुजा बा तर निघाला वाटतं पुन्याला."

सासरे खरंच निघण्याच्या पवित्र्यात होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली बसूनच होती. एकदा बसली की ही मुलगी उठत नाही, हे त्यांना माझ्या आधी ठाऊक असणार.

काका म्हणाले, "गव्हान काढायची नाय."

"नाही काढणार. तिच्यात भांडी ठेवीन."

"भांडी चालतील." मग त्यांना एकदम वाईट वाटलं असावं, कारण ते घाईने म्हणाले, "बाय, वास राहील थोडा. पावसान तर राहीलच."

"बाबांना विचारा," ती म्हणाली. "वास त्यांना चालला पाहिजे."

सासरे गोठ्यात गेले. आतून त्यांचं खोकणं ऐकू आलं. परत आले तेव्हा धोतराला कोळिष्टक चिकटलेलं होतं. "खोली उरते त्यापेक्षा हा मोठा आहे," ते अनिच्छेने म्हणाले. "उजेड कमी आहे. पण स्वतंत्र आहे. पडदा लावायची गरज नाही." आणि मग माझ्याकडे वळून: "तुम्ही मध्ये बोलू नका."

मी बोलणारच नव्हतो.

पाहुण्यांतले वडीलधारे म्हणून गावकीने नारळ सासऱ्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो हातात फिरवला, गावकीकडे पाहिलं, चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. "एक स्पष्ट करतो," ते म्हणाले. "ही गल्ली आहे. रस्त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही." कुणालाच काही कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलवल्या. त्यांनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला म्हणून गावकीने त्यांचं फार कौतुक केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की, त्या क्षणी कुणी रस्त्याचं पत्र पुढे केलं असतं तर त्यांनी त्यावरही सही केली असती.

मग काकांनी पहार माझ्यापुढे धरली. "सायेब. पयला घाव."

मी घातला. पहार भिंतीवर आपटली आणि तशीच माझ्या हातात परत आली. खपली एवढीशी उडाली. कोपरापर्यंत झिणझिण्या. काकी म्हणाली, "भासनात जोर व्हता." मग काकांनी पहार घेतली, दोन-तीन जणांनी हात लावला, आणि माझी भिंत खाली बसली. धूळ उडाली, खोली उघडी पडली. गल्लीतल्या सगळ्यांना माझी दोरीवरची लुंगी, माझा स्टोव्ह, माझी पाठ करायची जागा एकदम दिसली.

मी तिथे उभा राहून या प्रसंगी काय म्हणावं याचा विचार करत होतो. चांगलं वाक्य येत होतं, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. ती माझ्या लोखंडी ट्रंकेचं एक कडं धरून वाकलेली होती, पदर खोचलेला, केसांवर चुना, आणि तोंड गोठ्याकडे.

"अहो," ती म्हणाली. अजून लग्न झालं नव्हतं. सासूबाईंनी चमकून पाहिलं. "धरा त्या बाजूनं. हळू. दगड आहेत पायात."

मी वाक्य सोडलं आणि दुसरं कडं धरलं.